चरबीची दवंडी



आपल्या मराठीत काळीज हा शब्द मोठा गमतीचा आहे. 'काळजाला घरे पडली' असे म्हणताना आपला हात छातीकडे जातो. आणि मटणवाल्याकडे कलेजी मागितली की तो कापून देतो ते मात्र यकृत. आज मी तुमच्याशी बोलणार आहे ते या मटणवाल्याच्या काळजाविषयी. उजव्या बरगड्यांच्या आड बसलेला, मोठ्या माणसात सुमारे दीड किलो वजनाचा हा अवयव. जेवणातून आलेली साखर साठवायची, रात्री आपण झोपलो असता ती थोडी थोडी रक्तात सोडायची, विषारी द्रव्यांची विल्हेवाट लावायची, पित्त तयार करायचे, अशी त्याची कामे. कामे इतकी, पण तक्रार जवळजवळ नाहीच. यकृत दुखत नाही, आणि तीच खरी पंचाईत आहे.

अलीकडे तालुक्याच्या गावी सोनोग्राफी सहज होऊ लागली आहे. पोटात दुखते म्हणून किंवा मुतखड्याची शंका आली म्हणून माणूस जातो आणि येताना कागदावर 'फॅटी लिव्हर' असे दोन शब्द घेऊन येतो. यकृतात चरबी साठली, एवढाच त्याचा अर्थ. पण हा कागद घेऊन येणारा गृहस्थ माळकरी असला, उभ्या जन्मात त्याने दारूच्या थेंबाला स्पर्श केला नसला, तरी घरात आणि पारावर कुजबुज सुरू होते. 'लिव्हर बिघडले म्हणे! वरून माळ आणि आतून काय ते पांडुरंगालाच ठाऊक.' बिचाऱ्याचा आजार राहतो बाजूला आणि अब्रूचाच प्रश्न उभा राहतो. त्या भीतीने तो पुन्हा दवाखान्याची पायरी चढत नाही.

म्हणून पहिली गोष्ट स्पष्ट सांगून टाकतो. दारूने यकृत बिघडते हे निर्विवाद सत्य आहे, त्यात कसलीही सूट नाही. पण दारू न पिणाऱ्याच्या यकृतातही चरबी साठते, तेथे दाह होतो, आणि काहींच्या बाबतीत पुढे यकृत घट्ट, गाठीगाठींचे होऊन पोटात पाणीही होते. अमेरिकेतील मेयो क्लिनिकमधील डॉक्टर लुडविग आणि त्यांचे सहकारी यांनी १९८० साली अशा रुग्णांचे वर्णन प्रसिद्ध केले. त्यांच्या यकृताचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहावा तर हुबेहूब दारुड्याचा, आणि माणूस तर दारू पिणारा नव्हे! तेव्हापासून या विकाराचे नाव 'दारूविरहित' असे होते. २०२३ साली जगभरच्या तज्ज्ञांनी ते नाव बदलले. नव्या नावात शरीराच्या चयापचयातील बिघाडाचा उल्लेख आहे, दारूचा नाही. माळकऱ्यांनी या नामांतराचे स्वागत करावयास हरकत नाही.

आता प्रश्न असा, की ही चरबी यकृतात येते कोठून?

आपल्याला सहज वाटते, की तेलातुपाचा घास थेट यकृतात जाऊन बसत असेल. तसे फारसे होत नाही. अमेरिकेत यकृतविकाराच्या नऊ लठ्ठ रुग्णांवर एक बारकाईचा अभ्यास झाला. वेगवेगळ्या वाटेने येणाऱ्या चरबीला ओळखता येईल अशी खूण करून, यकृतातील चरबी कोठची किती, हे त्यात मोजले. २००५ साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला. यकृतातील शंभर भाग चरबीपैकी सुमारे साठ भाग हे रक्तातून वाहत आलेले होते, म्हणजे मुख्यतः शरीरातल्याच चरबीच्या साठ्यातून सुटलेले. सुमारे सव्वीस भाग यकृताने स्वतःच तयार केलेले होते. साखर आणि पिठूळ पदार्थ जास्त झाले की यकृत त्यांची चरबी बनवते. आणि थेट जेवणातल्या तेलातुपातून आलेले होते अवघे पंधरा भाग.

तेव्हा चोर शोधायचा तर आधी कोठाराकडे जावे लागते.

शरीरातली चरबी म्हणजे घरातली कणगी. सुगीत भरायची आणि उन्हाळ्यात उपसायची. पूर्वीच्या वैद्यकालाही चरबी म्हणजे एक मुकी कणगीच वाटत असे. धान्य टाकले तर घेते, काढले तर देते, स्वतः काही बोलत नाही. गेल्या तीस-पस्तीस वर्षांत कळले ते हे, की ही कणगी बोलते. नुसती बोलत नाही, तर अख्ख्या शरीरभर दवंडी पिटते. रक्तातून फिरणारी ही जी दवंडी, तिलाच शास्त्रात संप्रेरक किंवा हार्मोन म्हणतात. कोतवाल डफ वाजवीत साऱ्या आळ्यांतून जातो. पण ज्याच्याशी मजकुराचा संबंध आहे तोच दार उघडून ऐकतो. संप्रेरकाचेही तसेच. रक्ताबरोबर ते सगळीकडे जाते, पण ज्या पेशीला ते ऐकावयाचा कान आहे, तीच त्याप्रमाणे वागते.

स्वादुपिंडातून निघणारे इन्सुलिन हीही एक दवंडीच. जेवण झाले की ती सुरू होते. स्नायूंना ती सांगते, 'साखर आत घ्या.' यकृताला सांगते, 'जेवण आले आहे, आता तू साखर सोडू नकोस.' आणि चरबीच्या पेशींना सांगते, 'कणगी बंद ठेवा, आतला माल बाहेर काढू नका.' या दवंडीकडे कान देणे कमी झाले, की त्याला इन्सुलिनला जुमानेनासे होणे, म्हणजेच इन्सुलिन-प्रतिरोध, म्हणतात. मधुमेहाच्या बऱ्याच आधी, कधी कधी दहा-दहा वर्षे आधी, हे बहिरेपण सुरू झालेले असते.

या बहिरेपणाचा धागा चरबीकडे कसा जातो, याची हकिकत उंदरांपासून सुरू होते, आणि ती शिक्षकमंडळींनी वर्गात जरूर सांगावी, इतकी सुंदर आहे. अमेरिकेच्या मेन राज्यात बार हार्बर नावाचे गाव आहे. तेथील जॅक्सन प्रयोगशाळेत १९४९ साली उंदरांच्या एका पिलावळीत काही पिले अशी निघाली, की ती खातच राहिली. साध्या उंदराच्या तिप्पट वजनाचा गोळाच एकेक. त्यांचे यकृतही चरबीने भरलेले. पुढे १९६६ साली त्याच प्रयोगशाळेतून दुसऱ्या एका वाणाचे वर्णन आले. तोही तसाच खादाड, तसाच लठ्ठ, आणि शिवाय मधुमेही.

डग्लस कोलमन नावाचे शास्त्रज्ञ तेथे काम करीत होते. त्यांनी दोन दोन उंदीर कुशीला कूस लावून असे शिवले, की एकाचे रक्त दुसऱ्यात फिरावे. वाचताना अंगावर काटा येतो, पण निष्कर्ष पाहा. दुसऱ्या वाणाचा लठ्ठ उंदीर साध्या उंदराला जोडला, तर लठ्ठाला काही झाले नाही. साध्या उंदराने मात्र अन्न सोडले आणि तो उपासमारीने मेला. पहिल्या वाणाचा लठ्ठ उंदीर साध्याला जोडला, तर लठ्ठाचे खाणे कमी झाले. आणि दोन लठ्ठ एकमेकांना जोडले, तेव्हा पहिल्या वाणाचा उपाशी राहून मेला, दुसऱ्याला ढिम्म काही नाही. कोलमन यांनी उलगडा केला तो असा: रक्तातून 'पुरे' असे सांगणारा काही तरी निरोप फिरतो. पहिल्या वाणात तो निरोप तयारच होत नाही, पण ऐकावयास कान शाबूत आहेत. दुसऱ्या वाणात निरोप भरमसाट तयार होतो, पण कानच नाहीत.

निरोप कोणता, हे कळावयास १९९४ साल उजाडले. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात जेफ्री फ्रीडमन यांच्या गटाने त्याचे जनुक शोधले, आणि निरोप निघतो तो चरबीच्या पेशींतून, हे दाखविले. त्याला नाव मिळाले लेप्टिन. ग्रीक भाषेत लेप्टोस म्हणजे सडपातळ, त्यावरून. २०१० साली कोलमन आणि फ्रीडमन या दोघांना मिळून लास्कर पारितोषिक देण्यात आले.

लेप्टिन सापडले तेव्हा लोकांना वाटले, चला, टोचून घेतले की सारे लठ्ठ सडपातळ! तसे घडले नाही. जन्मतःच लेप्टिन नसलेली मुले जगात फार थोडी. त्यांच्या न शमणाऱ्या भुकेवर ते टोचल्याने जादू झाल्यासारखा गुण आला. पण आपल्यासारख्या सामान्य जाड माणसाच्या रक्तात लेप्टिन मुळातच भरपूर असते. कणगी मोठी, म्हणून डफही मोठा. पण दारासमोर रात्रंदिवस डफ वाजत राहिला, तर घरातली माणसे कान देतील काय? मेंदूचे तेच होते. उलट आणखी एक. यकृताला एकदा इजा झाली, की तेथे व्रणासारखे तंतू धरण्याच्या कामी हे जादा लेप्टिन हातभार लावते, असे प्राण्यांवरील प्रयोगांत दिसून आले आहे.

दुसरे संप्रेरक म्हणजे ॲडिपोनेक्टिन. १९९५ आणि १९९६ या दोन वर्षांत अमेरिकेत आणि जपानमध्ये वेगवेगळ्या गटांना ते स्वतंत्रपणे सापडले. जपानमधील ओसाका विद्यापीठ त्यांपैकी एक. नाव अवघड आहे, पण स्वभाव मोठा सज्जन. ते यकृताला सांगते, 'साखर कमी सोड, आणि साठलेली चरबी जाळून टाक.' इन्सुलिनच्या दवंडीकडे कान द्यावयास ते पेशींना मदत करते. पण याची एक विचित्र तऱ्हा आहे. ते तयार होते चरबीतच, आणि तरी चरबी वाढली, विशेषतः पोटातली, की रक्तातले ॲडिपोनेक्टिन घटते. नेमके हवे तेव्हाच हा कोतवाल रजेवर जातो.

आणि त्याच्या जागी भलतेच लोक डफ घेऊन उभे राहतात. चरबीची पेशी फुगून फुगून तुडुंब झाली, की तेथे शरीराच्या संरक्षक पेशी गर्दी करतात आणि दाह सुरू होतो. अमेरिकेत हार्वर्डच्या शास्त्रज्ञांनी १९९३ साली दाखविले, की लठ्ठ प्राण्यांच्या चरबीतून दाहाचे एक द्रव्य बाहेर पडते आणि ते इन्सुलिनचा आवाज बुजवून टाकते. झाले! कणगीला 'दार बंद ठेव' ही सूचना ऐकू येईनाशी होते आणि चरबी रक्तात गळू लागते. पोटातल्या आतड्यांभोवतीच्या चरबीचे रक्त तर थेट यकृतातच उतरते, मध्ये दुसरा मुक्काम नाही. यकृत चरबीने भरते, आणि तेही बहिरे होते. पण तेही एकाच कानाने. 'साखर सोडू नको' हे त्याला ऐकू येत नाही, म्हणून सकाळी उपाशीपोटीही रक्तात साखर जास्त. स्वादुपिंड बिचारे आणखी इन्सुलिन ओतते. आणि 'चरबी बनव' ही त्याच इन्सुलिनची दुसरी आज्ञा यकृताला मात्र बरोबर ऐकू येते! घरातल्या काही मंडळींचे असेच असते. कामाचे सांगितले की ऐकू येत नाही, जेवायला हाक मारली की पहिल्या हाकेला हजर.

येथवर ऐकून कोणी म्हणेल, तर मग चरबी हीच शत्रू. ती मुळी नसलीच तर? या प्रश्नाचे उत्तर निसर्गाने देऊन ठेवले आहे. काही थोड्या माणसांना जन्मतःच, किंवा पुढे काही विकाराने, चरबीचा थर नसतो. हातापायांच्या शिरा दोऱ्यांसारख्या दिसतात. अशा माणसांची प्रकृती ठणठणीत असावी ना? पण त्यांचे यकृत चरबीने खचाखच भरलेले असते आणि त्यांना मधुमेहही कडक असतो. कणगीच नाही, तेव्हा धान्य चुलीपाशी, देवघरात, जागा सापडेल तेथे. चरबीरहित उंदरांत साध्या उंदराची चरबी शस्त्रक्रियेने बसविली, तर त्यांचा मधुमेह हटला, असे २००० साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत दिसले. आणि अशा माणसांना लेप्टिन टोचले, तर साखर उतरली आणि यकृतही हलके झाले. ते निष्कर्ष २००२ साली आले. लेप्टिनचा खरा उपयोग झाला तो असा, ज्यांच्यापाशी ते नव्हते त्यांना. तेव्हा कातडीखालची, मांड्यांवरची बेताची चरबी शत्रू नाही. ती आपले काम करते आहे. भीती आहे ती तिची मर्यादा ओलांडून माल आत पोटात आणि यकृतात उतरतो तेव्हा.

आणि ही मर्यादा आपल्या लोकांची लवकर संपते, असे दिसते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी यावर आयुष्य वेचले आहे. २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचे आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचे शेजारी शेजारी उभे असलेले छायाचित्र छापून आले. उंचीच्या मानाने दोघांचे वजन अगदी सारखे. पण मोजून पाहिले तर युडकिन यांच्या शरीरात चरबी शेकडा ९.१ आणि याज्ञिकांच्या शरीरात शेकडा २१.२. दिसावयास सडपातळ, आतून मेदस्वी! शिवाय तेवढ्याच वजनाच्या युरोपीय माणसापेक्षा आपल्या लोकांच्या रक्तात ॲडिपोनेक्टिनही कमीच आढळते.

'आम्ही खेड्यातली काटकुळी माणसे, आम्हांला हे श्रीमंती दुखणे कशाला होते!' असे म्हणणाऱ्यांनी पश्चिम बंगालकडे पाहावे. बीरभूम जिल्ह्यातल्या खेड्यांत एक पाहणी झाली. ती २०१० साली प्रसिद्ध झाली. यकृतात चरबी असलेले शेकडा सुमारे नऊ निघाले, आणि त्यांपैकी चारात तिघे जण नेहमीच्या मापाने लठ्ठ नव्हतेच.

मग घरच्या घरी ओळखावे कसे? शिंप्याची टेप घ्या. सर्वांत खालची बरगडी आणि कमरेच्या हाडाचा वरचा काठ यांच्या मधोमध, सहज श्वास सोडून, पोट आत न ओढता माप घ्या. पुरुषाचे नव्वद सेंटिमीटर आणि स्त्रीचे ऐंशी सेंटिमीटर, यापुढे माप गेले तर आरोग्य केंद्रात जाऊन उपाशीपोटीची साखर तपासून घ्यावी. पोट न ओढता, हे मुद्दाम सांगितले; पुरुषमंडळी टेप दिसताच छाती काढतात. आशाताई घरी येऊन कमरेचे माप विचारतात त्यात काही चेष्टा नाही. केंद्र सरकारने २०२१ साली यकृतातील चरबीचा हा विकार मधुमेह-रक्तदाबाच्या राष्ट्रीय कार्यक्रमात घेतला आहे. रक्तातील यकृताची तपासणी चांगली आली म्हणजे यकृतात चरबी नाही असे मात्र समजू नये; कित्येकदा ती चांगली येऊनही चरबी असते.

उपायात गूढ काही नाही. वजन जास्त असेल तर ते शेकडा सात ते दहा इतके उतरले, म्हणजे सत्तर किलोच्या माणसाचे पाच ते सात किलो, की यकृतातली चरबी तर कमी होतेच, पण दाहही ओसरू लागतो. सडपातळ माणसाला याहून कमी उतारही पुरतो. पण घाई नको. एकदम उपास मांडला, की लेप्टिन झपाट्याने खाली येते, आणि लेप्टिन खाली आले की मेंदूला वाटते दुष्काळ पडला. मग भूक अशी खवळते, की बोलू नका. आपली 'एकादशी, दुप्पट खाशी' ही म्हण काही उगाच पडलेली नाही. साबुदाणा, बटाटा, शेंगदाणे यांचा तो उपास यकृताला तर मुळीच उपास वाटत नाही. आठवड्याला अर्धा किलो, ही चाल बरी.

चहाचा हिशेब करा. दिवसाकाठी सहा कप, कपाला दोन चमचे, चमचा पाच ग्रॅमचा धरला तर रोजची साठ ग्रॅम साखर. महिन्याला पावणेदोन किलोच्या वर, ती एकट्याच्या चहात. साखरेचा निम्मा भाग अशा जातीचा असतो, की त्याची विल्हेवाट मुख्यतः यकृतालाच लावावी लागते, आणि तो जास्त झाला की त्याची चरबी होते. आणि गूळ? मी गुळाचा भक्त आहे, तरी सांगतो, या बाबतीत गूळ आणि साखर सख्खी भावंडे. बाटलीतली रंगीत पेये तर त्याहून वाईट, कारण ती घटाघटा जातात.

दुसरे म्हणजे स्नायू. जेवणातली साखर रिचविण्याचे सर्वांत मोठे गिऱ्हाईक तेच, आणि चालणाऱ्या माणसाचे स्नायू इन्सुलिनला चटकन कान देतात. पूर्वी मोटेवर, जात्यावर, नांगरामागे हे आपोआप होत असे. आता वीजपंप आहे, गिरणी आहे, ट्रॅक्टर आहे, शाळेला जायला मोटरसायकल आहे. जाते पुन्हा आणा असे मी म्हणणार नाही; आयाबहिणींच्या पाठी त्याने मोडल्या होत्या. पण सुगी संपल्यानंतरच्या महिन्यांत रोज अर्धा-पाऊण तास झपाझप चालणे, हे शिक्षकांना आणि बागायतदारांना दोघांनाही जमण्यासारखे आहे. 'यकृत साफ करणाऱ्या' बाटल्या जत्रेत आणि दुकानात खूप मिळतात. त्यांचे पैसे भाजीला लावावेत. दाह आणि तंतू वाढलेल्या रुग्णांसाठी पहिले खास औषध अमेरिकेत २०२४ साली संमत झाले. ते तज्ज्ञांनीच द्यावयाचे.

शेवटी पुन्हा पुण्याजवळच्या खेड्यांकडे. याज्ञिकांच्या गटाने तेथे १९९३ साली गरोदर स्त्रियांची पाहणी सुरू केली. जन्मलेली बाळे सरासरी पावणेतीन किलोच्या आतबाहेर. इंग्लंडमधले बाळ साडेतीन किलोचे. हात, पाय, पोट, स्नायू, सगळ्यांत आपले बाळ लहान. पण कातडीखालची चरबी मात्र त्या मानाने टिकून होती, आणि नाळेच्या रक्तात इन्सुलिन जास्त होते. म्हणजे ही गोष्ट जन्माच्या आधी, आईच्या पोटातच सुरू झालेली. ज्या माता हिरव्या पालेभाज्या, फळे आणि दूध अधिक वेळा घेत होत्या, त्यांची बाळे मोठी होती, असेही तेथे दिसले. पुष्कळ मातांच्या रक्तात ब-१२ जीवनसत्त्व कमी होते. त्या पाहणीत जन्मलेली मुले-मुली वयात आली, तेव्हा त्यांना लग्नाआधीपासूनच हे जीवनसत्त्व देऊन, त्यांच्या पोटी येणाऱ्या बाळांत काय फरक पडतो, हे पाहावयाचा प्रयोगही याच गटाने त्याच खेड्यांत केला. सातवी-आठवीच्या वर्गातल्या मुली डब्यात काय आणतात, दूध-दही त्यांच्या वाट्याला येते की ते सगळे भावाच्या ताटात जाते, हे पाहावयास प्रयोगशाळा लागत नाही. मधल्या सुटीत गुरुजींनी आणि बाईंनी एक फेरी मारली तरी ते दिसते.